महादेवभाऊंनी न दाखवलेलं रीळ

आर्वीत आमचे शेजारी महादेवभाऊ दाराला कधी कडी लावत नसत. कुत्रं येऊन भाकर पळवी, शेजारची कोंबडी त्यांच्या खाटेखाली अंडी घाली. ‘भाऊ, कडी लावा ना,’ म्हटलं की एकच उत्तर, ‘भेव कायचं?’ बायको गेल्यापासून एकटेच होते बिचारे.

ते टॉकीजचे ऑपरेटर. मी गेटवर तिकिटं फाडी आणि हॉलचे लाईट लावी. ऐंशीच्या आसपास भुतांच्या चार गोष्टींचा एक पिच्चर आला. गाणी नाहीत, हिरो नाही. मालकांनी तो भर दुपारी बाराला लावला. भुताला उन्हात कोण भिणार? पंख्याखाली झोपायला येत तेवढीच माणसं.

महादेवभाऊंचा मात्र जीव जडला. तीन गोष्टी दाणे खात बघायचे. चौथीत मेलेली बायको घरी परत येते, चूल पेटवते, नवऱ्याला वाढते. तेव्हा ते डोक्यावरची टोपी काढून ठेवत. नवरा जेवायला बसला की पडदा पांढरा. मी लाईट लावी. लोक ओरडत, ‘पुढं काय झालं?’

भाऊ वरच्या मशीनच्या खोलीच्या खिडकीतून डोकं काढून सांगत, ‘पुढं काय होते? जेवले.’

तक्रार मालकांकडे गेली. ‘रीळ खराब केलं असंल त उद्यापासून येऊ नको म्हणा त्याले,’ असं सांगून त्यांनी मला वर पाठवलं. शेवटचा डबा फळीवर होता. रीळ उजेडात धरून पाहिलं, धडधाकट होतं. मांत्रिक त्या बाईला केस धरून घराबाहेर ओढत होता.

‘भाऊ, हे काऊन नाई लावत?’

ते मशीन पुसत राहिले. ‘आलेल्या बाईले हाकलाव कायले?’ मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तुह्या वहिनीसाठी मी दार उघडंच ठेवतो. चार वर्सं झाले. एकडावही आली नाई.’

खाली येऊन मालकांना म्हटलं, ‘रीळ चांगलं हाये. मीच लाईट लवकर लावत होतो. मले वाटे, संपला.’ त्यांनी माझी चांगलीच खरडपट्टी काढली. आज पुरा दाखवा म्हणाले आणि स्वतः मागच्या खुर्चीत येऊन बसले.

तो त्या पिच्चरचा शेवटचा खेळ होता. बाईनं चूल पेटवली, वाढलं, नवरा जेवायला बसला. वरच्या खिडकीत भाऊंचं उघडं डोकं दिसत होतं.

मी लाईट लावले.