इंग्रजीच्या तासाला सापडलेला पूर्वज

दहावीतल्या आयझिरेकला इंग्रजीच्या तासाला या वर्षी दोन प्रकल्प होते. एक कल्पनेतून लिहायची गोष्ट, आणि दुसरा संशोधनाचा: 'माझे सात पूर्वज'. दोन्ही झाल्यावर 'मागे वळून पाहताना' असं एक पान लिहायचं होतं. काय शिकलात, कुठे चुकलात, माहिती कुठून मिळवली, सगळं खरंखुरं.

गोष्टीत तिने वडिलांचं ड्रायव्हिंग लायसन्स गाईने खाल्लं तो प्रसंग जसाच्या तसा उतरवला. इंग्रजीच्या रोझाबाईंनी खाली लाल शाईत शेरा मारला, 'पटत नाही. अतिरंजित.' गाय अजून गोठ्यात उभी होती, पण तिची साक्ष कोण काढणार?

संशोधनाचं घोडं मात्र सहाव्या पूर्वजापाशी अडलं. वडिलांनी, एर्मेकनी, पाच नावं धडाधड सांगितली आणि मग मिशीवरून हात फिरवला.

"पुढचे दोन तुझ्या आजोबांना ठाऊक होते."

"पण आजोबा तर गेले."

"तेच तर. हे बाहेर बोलू नकोस हं. आपल्यात सात पूर्वज तोंडपाठ हवेतच; येत नाहीत म्हटलं तर कोचकोर गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

प्रकल्प दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. चुलीवर कझान होती, मटण शिजवायची ती मोठी कढई. पोरीने तिच्याकडे पाहिलं आणि सहाव्याचं नाव लिहिलं, कझानबेक. आता नुसतं नाव काय लिहायचं, म्हणून त्याला तीनशे घोडे दिले. खानाच्या दरबारात सात पैलवान लोळवायला लावले. सातवा त्याचा बाप, तो साधासुधाच ठेवला. रोझाबाईंचा शेरा आला, 'अत्यंत विश्वसनीय. शाब्बास!' तक्ता थेट शाळेच्या प्रदर्शनात लागला.

प्रदर्शनाला अख्खं गाव लोटलं. गावातले सगळ्यांत वडीलधारे, सोयरिकीत ज्यांचा शब्द शेवटचा, ते पंच्याऐंशीचे सोरोनबाय आजोबा काठी टेकत प्रत्येक तक्त्यापुढे थांबत होते. त्यांच्यामागे जुमाकादिर, तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर. आयझिरेकची थोरली बहीण सल्तनत त्यांच्याच घरी सून म्हणून जायची होती. लग्न आठ दिवसांवर आलं होतं. तक्ता इंग्रजीत, म्हणून आयझिरेकने कझानबेकचा पराक्रम तोंडी ऐकवला. पोरीला रंग चढला, ऐकता ऐकता पैलवान सातांचे नऊ झाले.

"वा! असा पूर्वज हवा," सोरोनबाय म्हणाले आणि वळले. "काय रे जुमाकादिर, तुझा सहावा कोण?"

भोवती तीसएक माणसं उभी होती. डॉक्टरांनी घसा खाकरला, टोपी सरळ केली.

"कोण म्हणजे काय? हाच की! कझानबेक."

आयझिरेकला हसू फुटणार, तेवढ्यात सोरोनबायांची काठी फरशीवर आपटली.

"म्हणजे मुलगा-मुलगी एकाच रक्ताचे! सात पिढ्यांच्या आत सोयरीक? हे लग्न होणार नाही!"

पोरगी हळूच तक्त्याआड सरकली.

संध्याकाळी दोन्ही घरची माणसं एर्मेककडे जमली. चहा ओतला होता, पण कोणी पेल्याला हात लावेना. ज्या घरात एरवी आग्रह करकरून पाहुण्याला दम खाऊ देत नाहीत, तिथे आज कोणी पावही पुढे केला नाही. आतल्या खोलीत सल्तनत उशीत तोंड खुपसून रडत होती.

"तुला नेमका आत्ताच बरा सापडला गं पूर्वज!" ती हुंदक्यांतून म्हणाली. "दोन वर्षं वाट बघितली मी. मेला तीनशे घोड्यांचा, जाऊन बसला माझ्या राशीला!"

आयझिरेकला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आणि कोडंही उलगडेना. जो माणूस आपण कढईकडे बघून जन्माला घातला, तो डॉक्टरांच्या घराण्यात शिरला कसा? समोर 'मागे वळून पाहताना'चं पान कोरंच होतं. तिने पेन उचललं, जे होतं ते लिहून टाकलं आणि पान घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"मला वाचायचंय."

"आत जा," एर्मेक खेकसले. "इथे काय पेटलंय आणि हिला अभ्यास सुचतोय!"

"वाचू दे," सोरोनबाय म्हणाले.

"'मी गोष्टीत खरं लिहिलं आणि संशोधनात खोटं,'" ती इंग्रजीवरून एकेक वाक्य उलगडत वाचू लागली. "'कझानबेक कधीच नव्हता. माहितीचा स्रोत, आमची कढई. आम्हाला पाचच पूर्वज माहीत आहेत.'"

एर्मेकनी कपाळाला हात लावला. झाली अब्रूची वाट! तीस वर्षं सांभाळलेलं झाकण पोरीने एका वाक्यात उडवलं होतं. पण त्यांच्याकडे कोणी बघतच नव्हतं. सगळ्या माना जुमाकादिरांकडे वळल्या होत्या.

"डॉक्टर," सोरोनबायांनी सावकाश विचारलं, "मग तुमचा कुठून आला?"

जुमाकादिर कानापर्यंत लाल झाले. दाराकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग ताठ बसले.

"यांचा कढईतला असेल. आमचा खरा आहे!"

"शपथेवर?"

"त्यात शपथ कसली? आमचे वडील रोज सांगायचे त्याच्याबद्दल."

म्हाताऱ्याने बराच वेळ त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग दाढीमागे काहीतरी हललं.

"ठीक. कझानबेक डॉक्टरांचा, एर्मेकचा नव्हे. म्हणजे नातं नाही. लग्न लावा."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सल्तनत आतून धावत आली, बहिणीला आधी मिठी मारली आणि मग पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. चहा पुन्हा गरम झाला, पाव तुटले आणि व्याही एकमेकांना आग्रह करू लागले.

निघताना जुमाकादिर दाराशी बूट चढवत बराच वेळ रेंगाळले. बाकीची मंडळी फाटकापर्यंत गेली, तेव्हा त्यांनी आयझिरेकला खुणेने जवळ बोलावलं.

"पोरी," ते कुजबुजले, "त्याच्या बायकोचं नाव काय ठेवलंयस?"

"ठेवलंच नाही, काका."

"मग ठेव ना लवकर. लग्नात लोक विचारणार मला."