मितेशच्या नावाने गाऱ्हाणं

गुणाजींचं गाऱ्हाणं आजवर कधी फुकट गेलेलं नव्हतं! म्हणजे असं ते स्वतःच सांगत. गॅलरीत नारळ ठेवायचा, हात जोडायचे, देवाला खणखणीत आवाजात साकडं घालायचं आणि जमलेल्यांनी मागून "होय म्हाराजा!" म्हणायचं. गिरणी बंद पडली, बिऱ्हाड मुलुंडच्या सोसायटीत आलं, पण गुणाजींनी मालवणाकडची ही रीत बंद पडू दिली नाही. सोसायटीची लिफ्ट मेकॅनिकने दुरुस्त केली असं बाकीचे म्हणत. म्हणोत बापडे!

त्यांची नात कल्पिता चौथीत होती. शनिवारी शाळेत तीन पायांची शर्यत होती आणि तिचा जोडीदार होता मितेश. पहिलीपासून दोघं एका बाकावर. एकाला शिंक आली की दुसरा रुमाल काढणार!

"आजोबा, आम्ही हरलो तर?"

"हरतलास कशे? मी असंय मा! दोघांच्या नावाने गाऱ्हाणा घालतंय!"

दुसऱ्या दिवशी कल्पिता शाळेतून आली ती रडतच.

"मितेशने कट्टी केली! मी फक्त एवढंच सांगितलं, माझे आजोबा तुझ्या नावाने गाऱ्हाणं घालणार, नारळ फोडणार, सगळे जमणार. तर तो बाक सोडून गेला! आता सर्वेशबरोबर पाय बांधणार म्हणतो!"

पोरीने दप्तरसुद्धा खांद्यावरून काढलं नव्हतं. पोरगं बिथरलंय म्हणजे नजर लागली असणार, एवढं गुणाजींना कळत होतं. त्यांनी थेट मितेशच्या घरी फोन लावला.

"मी कल्पिताचा आजोबा. आज संध्याकाळी तुमच्या मितेशच्या नावाने गाऱ्हाणं घालतोय. तुम्हीपण या!"

"पण अंकल, त्याने केलं काय?" मितेशची मम्मी घाबरून म्हणाली.

"काही करायला कशाला पाहिजे? मी कोणाच्याही नावाने घालतो! मागे आमच्या सेक्रेटरींच्या नावाने घातलं. हॉस्पिटलात होते बिचारे!"

फोन कट झाला. रेंज गेली असेल म्हणून गुणाजींनी दोनदा परत लावला. कोणी उचलला नाही.

पाहुणेच आले नाहीत म्हणून गाऱ्हाणं दुसऱ्या दिवसावर गेलं, आणि सकाळी शाळेतून बोलावणं आलं. वर्गशिक्षिका दीप्ती मिसच्या टेबलासमोर मितेश आणि त्याची मम्मी बसली होती. टेबलावर एक डबा. डब्यात कल्पिताचं चमचमतं पेन, दोन खोडरबर आणि अर्धी पट्टी.

"सगळं परत देतो!" मितेश हुंदके देत म्हणाला. "रेनकोट पण मीच लपवला होता, दुसरीत! पण नारळ नका ना फोडू!"

"आजोबा," दीप्ती मिस म्हणाल्या, "तुम्ही या मुलाविरुद्ध गाऱ्हाणं घालताय?"

"विरुद्ध? अहो, गाऱ्हाणं विरुद्ध कसं घालतील?"

मितेशने मराठीचं पुस्तक पुढे सरकवलं. त्याच्या घरी गुजराती, शाळेत इंग्रजी. मराठी शब्द अडला की तो धड्याखालचे शब्दार्थ बघायचा. तिथे स्वच्छ छापलं होतं : गाऱ्हाणे – तक्रार.

गुणाजींनी चष्मा लावून तीनदा वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं देवाकडे काय तक्रारीच करत होतो की काय! मग ते उठलेच. समजावून सांगण्यापेक्षा घालून दाखवलेलं बरं. दोन्ही पोरांना शेजारी उभं केलं, हात जोडले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! ही दोन पोरां आज तुझ्यासमोर उभी असत! तेंच्यात जा काय वाकडा झाला असात, ता सरळ कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" दारातून आवाज आला. शाळेचा शिपाई माणिक कुडाळचा. पाण्याचा ट्रे हातात तसाच!

"शर्यतीत तेंच्या पायाची गाठ सुटाक देऊ नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी दीप्ती मिससुद्धा म्हणाल्या.

मितेशने नाक पुसलं. "ही तर प्रार्थना आहे!"

"मग मी काय सांगत होते, येड्या!" कल्पिताने त्याला ढकललं आणि पेन तेवढं उचलून घेतलं. कट्टी संपली!

शनिवारी शिट्टी वाजली. दोघं चार पावलं धावली आणि आपटली. उठली, हसत सुटली, परत आपटली. शेवटचा नंबर! सर्वेशची जोडी पहिली येऊन, सरबत पिऊन मोकळी झाली तरी यांची गाठ काही सुटेना. माणिक कात्री शोधायला पळाला.

"बघा! गाठ सुटली का? जे मागितलं ते देवाने दिलं!" गुणाजी म्हणाले. आवाज मात्र जरा बसला होता.

मितेशने गुडघ्यावरची माती झटकली. "आजोबा, आता मी तुमच्या नावाने गाऱ्हाणं घालणार."

गुणाजींचा ऊर भरून आला. "घाल रे बाळा, घाल!"

"पुस्तकातलं!"

आणि त्याच्या पायाला बांधलेली त्यांची सख्खी नात मैदानभर ऐकू जाईल अशी ओरडली, "होय म्हाराजा!"