मॅप राहतो का इथे?

संध्याकाळ झाली की शरयूकाकू प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन खाली उतरायच्या, आमच्या गल्लीच्या बरोबर मधोमध मांडायच्या आणि तिच्यावर बसून मटार सोलायला घ्यायच्या. मटार नसले तर गवार. कोथरूडातली गल्ली ती. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागतं. त्यात मधे खुर्ची म्हटल्यावर पुढचं सांगायला नको.

गाडी यायची, हॉर्न वाजायचा. काकू सावकाश मान वर करायच्या.

"इथे राहता का आपण?"

"नाही हो काकू, मॅपवर हाच रस्ता दाखवतोय."

"मॅप राहतो का इथे?"

एवढं बोलून पुढची शेंग. कुणी वाद घातलाच, तर काकू त्याला वर्गात उभं केल्यासारखं, मुख्य रस्ता कुठल्या दिशेला आहे ते विचारायच्या. जन्मभर भूगोल शिकवलाय त्यांनी. ज्याला उत्तर येत नसे त्याची धडगत नसे.

लोक त्यांना चक्रम म्हणतात. म्हणोत बापडे. माझ्या मते चक्रमपणा त्या फोनचा आहे. पूर्वी या गल्लीत दुपारी कुत्री रस्त्यात आडवी पडायची. मग कुठल्याशा कॉम्प्युटरला शोध लागला, की मोठ्या चौकातला सिग्नल टाळून इथून घुसलं की थोडा वेळ वाचतो. झालं. हिंजवडीहून परतणाऱ्या गाड्या, कॅबा, जेवण पोचवणारे स्कूटरवाले, सगळी वरात आमच्या दारातून. ना कुणी नकाशावर रेघ मारली, ना हरकती-सूचना मागवल्या. वाचलेला वेळ त्यांचा, धूर आमचा. आणि जाब विचारायचा तर कुणाला?

काकू तरी महापालिकेत विचारायला गेल्याच. मी बरोबर होतो. साहेबांनी आराखडा पसरला, चष्मा सारखा केला. "आमच्याकडे ही साधी गल्लीच आहे. आम्ही काहीही बदललेलं नाही."

"तेच म्हणतेय मी," काकू म्हणाल्या. "तुम्ही काही करत नाही, म्हणून आता शहर कसं चालायचं ते फोन ठरवतोय."

साहेब हसले. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

काकूंच्या घरी त्यांची मोठी नणंद असते. काकू त्यांना वन्सं म्हणतात, म्हणून सगळी बिल्डिंगही वन्संच म्हणते. दोघींचं आयुष्यात कधी पटलं नाही. आमटीत गूळ किती, यावरचं भांडण खालपर्यंत ऐकू येतं. वन्संना आता जवळजवळ दिसत नाही. तरी रोज संध्याकाळी, एका हातात काठी आणि दुसरा हात कंपाउंडच्या भिंतीला, अशा त्या गल्लीच्या टोकापर्यंत एकट्या जाऊन यायच्या. कुणी हात धरलेला त्यांना खपत नसे. स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं त्यांच्याकडे. गल्लीत गाड्या वाढल्या आणि काकू खुर्ची घेऊन रस्त्यावर आल्या, वन्संच्याच वेळेला.

"हिला मेलीला चारचौघांत तमाशे करायची हौस," भिंतीकडेनं जाता जाता वन्सं म्हणायच्या. एरवी एकाला दोन ऐकवणाऱ्या काकू तेव्हा खाली मान घालून मटार सोलत राहायच्या.

दिवाळीच्या सुमारास एक स्कूटरवाला, डोळे फोनवर, खुर्चीला वळसा घालून भिंतीकडेनं घुसला आणि वन्संना घासून गेला. फार लागलं नाही. पण त्या पडल्या आणि मग जिना उतरेनात.

तेव्हापासून काकू गल्लीच्या तोंडाशीच बसतात. गाडी वळायच्या आत उठून हात दाखवतात. परवा न राहवून मी म्हटलं, "काकू, वन्सं तर आता खाली येत नाहीत. कशाला जिवाला त्रास करून घेता?"

"हळू बोला," काकू म्हणाल्या. "गॅलरीत उभ्या आहेत. रोज या वेळेला येऊन कानोसा घेतात. जरा वेळ हॉर्न ऐकू आला नाही की काठी हातात घेतात."

"मग?"

"मग कुणीतरी वाजवतोच. काठी परत कोपऱ्यात." काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "मी काही वर जाऊन त्यांना चला म्हणणार नाही. मी म्हटलं तर मुळीच यायच्या नाहीत. थोडा वेळ शांत राहायला हवं, बस."

तेवढ्यात एक गाडी वळली. काकूंना उठायला वेळ लागतो हल्ली. ड्रायव्हरचा हात हॉर्नकडे जायच्या आत मी धावत जाऊन त्याच्या काचेपाशी वाकलो.

"मागे घ्या," मी कुजबुजलो. "आवाज न करता."