निवड होईपर्यंत न्याहारी बंद

निरीक्षकांच्या घरात गेले दोन महिने कोणीही न्याहारी केली नव्हती, आणि घरातील चारही माणसांची वजने वाढत होती.

निरीक्षक अन्नपदार्थांच्या गुणनियंत्रण प्रयोगशाळेत नोकरीला होते. पुराव्यावाचून ते स्वतःच्या भुकेवरही विश्वास ठेवत नसत. डॉक्टरांनी त्यांची कर्बोदके तोडली होती आणि पुढच्या तपासणीपर्यंत साखर उतरली नाही तर रोज सुई टोचून घ्यावी लागेल, असे बजावले होते. सुई म्हटले की निरीक्षकांची पाचावर धारण बसे. मागच्या वेळी रक्त देताना ते खुर्चीवरून घसरले होते, तेही सुई दिसण्याआधी, नुसता कापसाचा बोळा पाहून.

सकाळी दुधात घालून एखादे चांगले सीरियल खा, असे डॉक्टर जाता जाता म्हणाले होते. 'चांगले' या शब्दाची व्याख्या त्यांनी दिली नव्हती. निरीक्षकांनी घरी निवड प्रक्रिया सुरू केली आणि ती पूर्ण होईपर्यंत सर्वांची न्याहारी स्थगित ठेवली.

दुकानातली सीरियलची झाडून सगळी पाकिटे घरी आली. त्यांवरचा मजकूर पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यात आला नाही. एकावर मोठ्या अक्षरांत साखर नसल्याचे लिहून खाली भरपूर मध असल्याचे अभिमानाने सांगितले होते. दुसऱ्यावर नुसतीच एक धावणारी बाई होती. तेव्हा चाखण्यावाचून गत्यंतर नव्हते. प्रत्येक नमुना आधी कोरडा, मग दुधातून, मग दूध मुरल्यावर. एकट्याचे मत पक्षपाती असते म्हणून बायको, आई आणि कॉलेजातली मुलगी यांची परीक्षक म्हणून नेमणूक झाली. एका नमुन्याची चव दुसऱ्याला बाधू नये यासाठी मध्ये एकेक टोस्ट ठेवला गेला.

पहिल्या फेरीच्या वेळी आपली कवळी पेल्यात होती, असा तांत्रिक आक्षेप आईने मधाच्या नमुन्यापुरता नोंदवला. कोंड्याच्या नमुन्याबाबत तिची तक्रार नव्हती. आक्षेप मान्य झाला, आणि इतरांवर अन्याय नको म्हणून सगळ्यांचीच फेरचाचणी घेण्यात आली. फेरचाचणीचे निकाल पहिल्या फेरीशी जुळेनात. मग डोळे बांधून तिसरी.

दरम्यान, न खाल्लेले सर्वांच्या अंगी लागू लागले. निरीक्षकांनी प्रथम वजनकाट्यावर संशय घेतला; प्रयोगशाळेतली प्रमाणित वजने ठेवून पाहिल्यावर काटा निर्दोष सुटला. मग पाणी तपासले. तेही सुटले. उपासानेच सूज येत असावी, या तर्काने त्यांनी निवडीचा वेग वाढवला आणि संध्याकाळचेही एक सत्र सुरू केले.

"अहो, एकदाचं काहीतरी ठरवा," बायको म्हणाली. "माझी पँट आता श्वास रोखला तरच लागते."

"घाईनं ठरवलं आणि चुकलं तर? सुई कुणाला टोचणार आहे?"

"नीट तपास हो, बाळा," आई म्हणाली. "जिवाशी गाठ आहे. ते मधाचं अजून माझ्या नीट ध्यानात येत नाही."

तपासणीचा दिवस उजाडला. साखर उतरली नव्हती. चांगली दोन मजले वर चढली होती. सकाळी काय खाता, असे डॉक्टरांनी विचारले. काहीही नाही, असे निरीक्षकांनी छातीवर हात ठेवून सांगितले, आणि ते मनापासून होते. डॉक्टरांनी सुई लिहून दिली.

निरीक्षक कागद हातात धरून भिंतीला टेकले. बाजारात कोणकोणत्या सुया मिळतात, असे त्यांनी क्षीण आवाजात विचारले.

सोबत आलेल्या बायकोने कागद काढून घेतला. "सुया मी आणते. तुम्ही निवडायच्या नाहीत."

घरी आल्यावर निरीक्षकांनी प्रयोगाची मांडणी मुळापासून तपासली आणि, शास्त्राची शिस्त म्हणून, निष्कर्ष बायकोसमोर उभे राहून वाचून दाखवला. कोणीही न्याहारी केली नव्हती, हे खरे होते. चौघांनी ती फक्त चाखली होती, आणि चाखलेले पोटात जाते ही शक्यता कोणत्याही फेरीत हिशेबात धरलेली नव्हती. हे वाचता वाचता त्यांच्या हातातल्या नमुन्याच्या वाटीतून जे संपले, तेही अद्याप कोणी हिशेबात धरलेले नाही.