न विकलेल्या घराची दलाली

मर्व्हिन डटवायलरला घर विकायचं नव्हतं, म्हणूनच त्याने ते विकायला काढलं. बायको डार्लीनने सहा वर्षं फ्लोरिडाला जायचा धोशा लावला होता. पण अंगणात स्वतःच्या हाताने बांधलेली सुतारकामाची खोली सोडायची म्हटलं की याचा जीव गलबलायचा. तेव्हा हिचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून त्याने टोलेडो शहरातल्या त्यांच्या साध्या गल्लीत कुणी स्वप्नातही मागितली नसेल अशी किंमत लावली, तीन लाख डॉलर. दलाल ट्रेंटने करारनामा पुढे सरकवला. गिऱ्हाईकच येणार नाही तर वाचायचं कशाला? मर्व्हिनने सही ठोकली. हुशार माणसांचं असंच असतं.

कॅलिफोर्निया नावाचं राज्यही याच देशात आहे, हे तेवढं तो विसरला.

नवव्या दिवशी ट्रेंट तिथलं एक जोडपं घेऊन हजर झाला. "एवढ्या पैशात आमच्याकडे गॅरेजसुद्धा येत नाही," नवरा म्हणाला.

"तळघरात पाणी भरतं," मर्व्हिन घाईघाईने म्हणाला.

"अय्या, तळघर पण आहे?" बाई हरखली.

"माळ्यावर रकून राहतात, ती जंगली जनावरं. सहकुटुंब."

"किती सरळ माणूस आहे बघ," ती नवऱ्याला म्हणाली, आणि दोघांनी पूर्ण किंमत कबूल केली, तीही रोख.

"मला विकायचंच नाही," मर्व्हिन शेवटी बोलून गेला. त्यांना फार वाईट वाटलं. मग त्यांनी पलीकडच्या गल्लीतलं घर घेतलं.

आठवड्याने ट्रेंट परत आला. "माझी सहा टक्के दलाली. अठरा हजार."

"कसले? घर विकलंय कुठे?"

"विकणं तुमच्या हातात. घ्यायला राजी आणि पैसेवाला माणूस आणून उभा करणं माझं काम. कलम सात. आणला की नाही?"

"म्हणजे जेवलो नाही तरी ताटाचे पैसे?"

"वाढलेल्या ताटावरून तुम्हीच उठलात, मर्व्हिन."

"वाचून सही कर म्हटलं होतं मी," डार्लीन म्हणाली.

"कधी म्हणालीस?"

"अडतीस वर्षं म्हणतेय."

मर्व्हिनने आता कुठे कलम सात वाचलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "या घराशिवाय माझ्याकडे फुटकी कवडी नाही रे बाबा," तो म्हणाला.

"मग अडलंय कुठे?" ट्रेंटने मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बॅगेतून कोरा करारनामा काढला. "घर विकायला काढू."

या खेपेला मर्व्हिन पहिल्या ओळीपासून वाचायला बसला.

"वाच, सावकाश वाच," डार्लीन उठत म्हणाली. "तोवर मी बॅगा भरते."