पहिला झोका सुताराचा

आमच्या बंडूचा पाळणा घरी आला, तेव्हा त्यात पहिल्यांदा बंडू निजला नाही. सखाराम सुतार बसले. दारातून वाकून यावं लागणारा, गलमिशांचा पुरुष, गुडघे हनुवटीला टेकवून बाळाच्या पाळण्यात बसला आणि मला म्हणाला, "द्या झोका, वहिनी." सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. आमचे हे ओटीवर जाऊन हसून घेऊन परत आले. मी बिचकत झोका दिला. चार हेलकावे झाले, कड्या करकरल्या, आढं कुरकुरलं, तेव्हा कुठे ते उतरले आणि म्हणाले, "आता ठेवा लेकराला."

सगळा गाव त्यांना आबा म्हणे, मी भावोजी म्हणे. आमचं घर आणि त्यांचं घर यांच्यात एक शेवग्याचं झाड, एवढंच अंतर. कर्जतहून कशेळ्याकडे जाताना पेज नदीच्या काठी आमचं गाव. नवी बैलगाडी झाली की पहिला फेरा सुताराने बसून मारायचा, ही आमच्याकडची जुनीच रीत. जोडली त्याने आधी बसायचं, मग धन्याने. पण मोठ्या लढाईत आबा तिकडे इराकात, बसऱ्याला सुतार म्हणून गेले, आणि परत आल्यापासून त्यांनी ती रीत सगळ्यालाच लावली. पाळण्यात बसायचे, नव्या बाजेवर लोळायचे, विहिरीवर रहाट बसवला की आधी स्वतः दोराला लोंबकळायचे. गुरुजींच्या शाळेची बाकं केली, तर सकाळभर एकेका बाकावर बसून पोरांबरोबर पाढे म्हणत होते. लोक म्हणत, लढाईत डोक्याला काहीतरी लागलंय.

बसऱ्याला त्यांनी काय केलं, तर विमानं दुरुस्त केली. तेव्हाची विमानं लाकडाची आणि कापडाची. आबा सांगत, "विमान म्हंजी काय, सुतारानं सांगाडा करायचा, शिंप्यानं आंगडं घालायचं आन् साहेबानं मोडून आणायचं." हे ऐकून पोरं हसत. मग आबा बोट वर करून आपलं नेहमीचं वाक्य म्हणत, "म्हणून सांगतो, रिकामं उडवा. उडायची हौस यंत्राला हाय, तर यंत्रानंच पडावं. माणूस कशाला आत?"

लोकांना वाटे, वेडच हे. घोड्याशिवाय टांगा एक वेळ कळेल, पण टांगेवाल्याशिवाय टांगा? पण एकदा गुरुजींनी पारावर वर्तमानपत्र वाचलं. विलायतेत बिनमाणसाचं विमान उडवलंय, खालून बिनतारी यंत्राने हाकतात आणि तोफखान्याचे लोक त्याच्यावर नेम धरायला शिकतात, असं त्यात होतं. त्या दिवशी आबांनी सगळ्या पाराला गुळाचा चहा पाजला.

गुरुजींना मात्र ते पटलं नाही. ते शांत माणूस, पण त्या दिवशी हट्टाला पेटले. म्हणाले, "आबा, आत माणूस असला, तर बॉम्ब टाकताना निदान एकदा त्याचा हात थांबेल. खाली कोणी बाई पाणी भरत असेल, कोणाचं पोर खेळत असेल. रिकाम्या खुर्चीला काय दिसणार?"

आबांनी चिलीम कोरून झटकली. मग म्हणाले, "हात थांबत असता गुरुजी, तर जळकी गावं मी बघितली नसती तिकडं. आत माणसंच होती."

गुरुजींनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि उठले. तरी दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा पारावर, पुन्हा तेच. दोघांचंही खरं होतं, म्हणून तो वाद कधी मिटला नाही.

त्यांचा विठू हा सगळा वाद ऐकत मोठा झाला. आईविना वाढलेला, एकुलता एक. हाताला बापाहून साफ. तेव्हा कराचीला आपल्या लोकांचं हवाई दल नवीनच निघालं होतं, आणि लाकूडकाम, फिटरकाम येणारी पोरं तिकडे हवी होती. विठूने जातो म्हटलं, आणि आमच्या शेवग्यापलीकडे चुलीसुद्धा थंड झाल्या. बाप बोलेना, पोरगा जेवेना. शेवटी मीच पिठलं घेऊन गेले. तेव्हा आबांनी माझ्यादेखत पैज लावली. मी बिनमाणसाचं विमान उडवून दाखवतो. ते नदीपार गेलं, तर विमानाला माणूस लागत नाही हे ठरलं, मग विठूने गावातच राहायचं. पडलं, तर खुशाल जावं. विठू म्हणाला, कबूल.

दिवाळीपासून ते काम चाललं. बांबूचा सांगाडा, त्यावर गावातल्या बायकांची जुनी लुगडी, त्यांना चिंचोक्याची खळ. माझं हिरवं इरकली लुगडं डाव्या पंखाला गेलं. गंमत म्हणजे बापाला हरवायचं असूनही विठू रोज त्याच्या हाताखाली राबत होता. वाईट काम त्याच्याने करवतच नसे.

माघात भात झोडून शेतं मोकळी झाली तेव्हा ते विमान टेकडीच्या माळावर नेलं. सगळा गाव आला, वरच्या वाडीतले ठाकर आले. गुरुजींनी विमानाभोवती एक फेरी मारली, आत वाकून बघितलं आणि विचारलं, "आबा, यात ही बैठक कुणासाठी?"

खरंच, मधोमध छान बैठक होती. पाठीला टेकायला फळी, पाय ठेवायला दांडी. ज्यात माणूस बसायचा नाही असं विमान बांधताना आबांनी बसायची जागा केली होती. ते जरा ओशाळले. म्हणाले, "बसणार कोनीच नाय. पन जागा नको का?" सगळा माळ हसला. बिनबैठकीची गाडी सुताराच्या हातून होईल कशी?

शर्यतीच्या बैलांना लांब दोर बांधून ते उतारावरून ओढलं. जरा उचललं, तोंड आभाळाकडे केलं आणि शेपटीवर आपटलं. लोक हळहळले. आता पैज हरलीच होती, विठूने गप्प राहायचं. पण तोच म्हणाला, "आबा, मानसाचा भार धरून बांधलंय तुमी. ती जागा रिकामी ऱ्हायली तर ते पडनारच." आबा तरातरा गावात उतरले, माझ्या घरात शिरले आणि माझं जातं, दोन्ही दगड, पोरांकरवी उचलून आणलं. बैठकीत बसवलं, वर दोराने आवळलं. मी म्हटलं, "भावोजी, उद्या दळू कशावर?" तर म्हणाले, "वहिनी, जात्याला आई नाय, बाप नाय. पडू दे पडलं तर."

शेपटी दुरुस्त करून बैल पुन्हा धावले. आणि काय सांगू, माझं जातं उडालं. आवाज नाही, काही नाही. हिरवा पंख, लाल पंख, मध्ये दोन दगड. शेतांवरून, नदीवरून गेलं आणि पलीकडच्या खळ्यात पेंढ्याच्या उडवीत शिरलं. ठाकरांची पोरं किंचाळत धावली. त्यांच्याही पुढे विठू धावत होता, मान वर, तोंड उघडं, पायाखाली बांध आहे की काटे, शुद्ध नाही.

आबा विमानाकडे बघतच नव्हते. ते विठूच्या तोंडाकडे बघत होते. मी शेजारीच उभी होते. हळूच म्हणाले, "पैज जिंकलो, वहिनी. पोरगा गेला."

विठू शब्दाला जागून राहिला असता. आबांनीच त्याला मोकळा केला. त्याच्यासाठी सागाची पेटी केली, आधी स्वतः तिच्यावर बसून बघितलं आणि नेरळ स्टेशनपर्यंत डोक्यावरून पोचवली.

दुसऱ्या वर्षी विठू रजेवर आला तो अंगाने भरला होता. ओटीवर आम्ही सगळे होतो. बापाला बरं वाटावं म्हणून तो मुद्दाम सांगू लागला, "आबा, तिकडंबी तुमचीच रीत हाय. ज्यानं पंख नीट केला, त्यालाच पहिल्या फेरीला वर बसवत्यात. मी किती वेळा जाऊन आलो." आबांनी मान हलवली, म्हणाले, "बरोबर हाय," आणि उठून पडवीत गेले. रंध्याचा आवाज येत राहिला.

विठू परत गेल्यावर आबा शेवग्याखाली येऊन उभे राहिले. मग मला जे सांगितलं, ते त्यांनी बसऱ्याहून आल्यापासून कुणाला सांगितलं नव्हतं. तिथे एक गोरा पोरगा होता, मिसरूड फुटलेला. आबांना मिठाई आणून द्यायचा. त्याच्या विमानाचा पंख आबांनी सांधला. आबा त्याला म्हणाले, आमच्यात रीत आहे, पहिल्या फेरीला मला घे. पोरगा हसला, खांद्यावर थाप मारली आणि एकटाच गेला. पंख वरच निखळला.

"मी आत असतो तर निदान..." मग म्हणाले, "विठूला मीच शिकवलं, जोडलं त्यानं बसायचं. आता नको बसू म्हनायला तोंड कुठलं मला?"

त्यानंतर 'रिकामं उडवा' हे त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. गुरुजी मुद्दाम खोड काढत, तरी नाही. रोज दुपारी टपालवाला तार न देता पुढच्या घरी गेला की मगच जेवत.

पुढे विठूचं लग्न झालं, आणि गेल्या कार्तिकात त्याची बायको माहेराहून बाळाला घेऊन आली. विठूला रजा मिळाली नव्हती. आबांनी शिसवी पाळणा केला. टांगला, आणि रीतीप्रमाणे बसले. पाय आता पोटाशी दुमडत नव्हते, ते बाहेरच लोंबत राहिले. मी झोका दिला. हेलकावे झाले, कड्या वाजल्या. सून बाळाला घेऊन उभी होती, पण आबा उतरेनात. दोन्ही हातांनी दोर घट्ट धरलेले, डोळे मिटलेले.

मी विचारलं, "भावोजी, झालं ना?"

"जरा थांबा," म्हणाले. "विठू वर असंल आत्ता."

मी झोका देत राहिले.