वडिलांचं रिव्हॉल्व्हर आणि अकरा भांडी

विकणे आहे. रिव्हॉल्व्हर, सहा गोळ्यांचं, पोलादी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. कारण: जड आहे.

हा पहिला मसुदा. तो मी फाडला. आमच्या गावात 'जड आहे' असं लिहिलं की दुपारपर्यंत सगळीकडे होतं, ट्वायला म्हातारी झाली, तिला आता पेलवत नाही. मी त्रेसष्ट वर्षांची आहे. मी अजून कुंपणाचे खांब एकटीने रोवते. मला सगळं पेलवतं.

विकणे आहे. रिव्हॉल्व्हर (तेच). कारण: डॉक्टरांनी सांगितलं.

हाही फाडला. डॉक्टर हा शब्द या गावात लिहायचा नसतो.

विकणे आहे. रिव्हॉल्व्हर (तेच). कारण: आता गरज उरली नाही.

हा तिसरा मसुदा मला फार आवडला. रुबाबदार. कोणाला काही विचारायला जागाच नाही! मी तो सोमवारी पशुखाद्याच्या दुकानातल्या फळ्यावर लावला, चार कोपऱ्यांना चार टाचण्या मारल्या आणि शीळ घालत घरी आले. माझे निर्णय एकदा झाले की झाले.

आता निर्णय कशाचा, ते सांगते. मोन्टानाच्या या कोपऱ्यात आमची गुरं आहेत, गुरांभोवती कुंपण आहे आणि कुंपणाभोवती खुळखुळ्या साप आहेत. म्हणून गेली बेचाळीस वर्षं माझ्या उजव्या कमरेला ते रिव्हॉल्व्हर आहे. पट्ट्यासकट तीन पौंड. गेली दीड वर्षं त्याच कमरेतून अशी कळ येते की जीपमधून उतरताना मी आधी शिव्या उतरवते, मग पाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या बाजूचं वजन कमी करा." मी म्हटलं, "मी बारीकच आहे." त्या म्हणाल्या, "मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये."

रिव्हॉल्व्हर वडिलांनी दिलं, माझ्या एकविसाव्या वाढदिवसाला. माझं पहिलं. नवंकोरं, आरशासारखं. मी ते कमरेला लावलं आणि आम्ही दोघं कुंपण दुरुस्त करायला गेलो. हातोडी घरी राहिली होती. वडिलांनी काय करावं? माझ्या कमरेचं रिव्हॉल्व्हर काढलं, गोळ्या काढून खिशात टाकल्या आणि मुठीने दोन खिळे खांबात ठोकले. मुठीला हा एवढा खड्डा! मी अर्धा तास ओरडत होते. ते शांतपणे म्हणाले, "आता ते तुझं झालं. नवं राहिलं असतं तर तू कपाटात ठेवलं असतंस."

त्या खड्ड्यात माझा तळवा बसतो. बरोब्बर. वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली.

तर असं. पण मी भावनाविवश बाई नाही. जड ते विकायचं, हलकं ते घ्यायचं.

*

मंगळवारी सकाळी दारात मार्व्हल उभी. मार्व्हल आमची शेजारीण, म्हणजे मधे फक्त सहा मैल. चर्चची फोनसाखळी तिच्यापासून सुरू होते. कोणी आजारी पडलं की मार्व्हल पहिला फोन करते, ती बाई दुसरा, दुसरी तिसरा, आणि जेवणाच्या आत अख्खा तालुका त्या माणसासाठी प्रार्थना करत असतो. तिच्या हातात काचेचं खोलगट भांडं. टूना मासा, शेवया आणि वर चुरलेले बटाट्याचे वेफर.

"काही बोलू नकोस," ती म्हणाली.

"मी कुठे बोलतेय?"

"तेच. तू कधीच बोलत नाहीस. सगळं आत दाबून ठेवतेस."

"मार्व्हल, तुला काय हवंय?"

"मला काही नको गं. तुला काय हवंय?"

"मला रिव्हॉल्व्हर विकायचंय."

तिने माझे दोन्ही हात धरले आणि डोळे मिटले. मी हात सोडवून घेतले. त्यावर ती जे म्हणाली, ते पुढचे चार दिवस मी निरनिराळ्या तोंडांतून ऐकलं. ती म्हणाली, "राग येणारच. राग येणं चांगलं असतं."

दुपारी आणखी दोन भांडी आली. संध्याकाळी एक. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर नाव. रिव्हॉल्व्हरसाठी फोन एकही नाही.

माझा नवरा ओरिन जेवणाच्या टेबलाशी चमचा घेऊन बसला होता. "लोक चांगले आहेत," तो तोंड भरून म्हणाला.

"पण का आणतायत?"

"प्रेम असतं, ट्वायला."

"बेचाळीस वर्षांत नव्हतं ते?"

तो वेफरचा थर खरवडत होता.

*

बुधवारी मी लाइलच्या दुकानात गेले. लाइल बंदुका विकतो, दुरुस्त करतो आणि उरल्या वेळात चामड्याचं काम करतो. शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता. मी रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं. "हे घे, आणि मला हलकं दाखव."

त्याने ते मुठीकडून फिरवून पाहिलं, खड्ड्यावरून अंगठा फिरवला आणि परत माझ्याकडे सरकवलं. "मी हे घेणार नाही."

"का?"

"तुझ्या वडिलांचं आहे. बापाचं हत्यार आपल्या जिवंतपणी विकतं का कोणी? मागे राहिलेल्यांकडे जातं, नाहीतर माणूस गेल्यावर लिलावात जातं. मी ते काचेत मांडलं तर लोक दुकानात पाऊल टाकणार नाहीत. का विकतेयस?"

लाइल जुना मित्र. त्याला खरं सांगायला हरकत नव्हती. थोडंसं.

"कमरेत आहे," मी म्हटलं.

लाइलने टोपी काढली. "कमरेत?"

"दीड वर्ष झालं."

"आणि ओरिनला माहितीये?"

"त्याला काय, तो जेवतोय."

"काही करता येत नाही?"

"या वयात काय करणार? आहे तेवढे दिवस ढकलायचे."

खरं सांगा, यात मी काय चुकीचं बोलले? कमरदुखीबद्दल माणूस असंच बोलतो. पण लाइलने टोपी छातीशी धरली आणि तो भिंतीवरच्या हरणाच्या डोक्याकडे बघायला लागला.

"हलकं दाखव, लाइल."

त्याने दाखवलं. कुठल्या तरी नव्या धातूचं. हातात घेतलं तर बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यासारखं! खिशात टाकावं आणि विसरून जावं. आम्ही दुकानामागच्या कोरड्या ओढ्यात गेलो. लाइलने सौम्य गोळ्यांची डबी पुढे केली.

"या का?"

"हलकं आहे ना, धक्का फार देतं. जड हत्यार अर्धा धक्का स्वतःच गिळतं. हे सगळा तुझ्या हातात देईल."

"मी वडिलांच्या गोळ्या वापरते. पूर्ण ताकदीच्या. बेचाळीस वर्षं."

"त्या जड रिव्हॉल्व्हरमधून, ट्वायला. आणि आता तुझी तब्येत..."

तब्येत. मी माझ्या पट्ट्यातल्या सहा गोळ्या काढल्या, त्यातल्या मावल्या तेवढ्या पाच त्या पुड्यात भरल्या, ओढ्यात ठेवलेल्या रिकाम्या डब्यावर नेम धरला आणि चाप ओढला.

डब्याला काही झालं नाही. डबा अजून तिथेच असेल. पण खेचराने लाथ मारावी तसा माझा हात खांद्यापर्यंत वर गेला, ते चिमुरडं उलटं फिरून माझ्या कपाळावर आदळलं, आणि पुढचं मला आठवतं ते एवढंच की मी त्यातल्या उरलेल्या गोळ्या काढल्या (बेशिस्त मी नाही) आणि ते ओढ्यातल्या सगळ्यात मोठ्या दगडावर फेकून मारलं.

लाइल गेला, उचलून घेऊन आला. नळीवर लांबलचक ओरखडा.

"राहू दे," तो हळुवारपणे म्हणाला. "तुझ्याकडून मी भरपाई घेणार नाही. अशा वेळी."

अशा वेळी! कोणी माझ्यावर दया दाखवली की माझं डोकं फिरतं. मी दुकानात येऊन पूर्ण किमतीचा चेक लिहिला, काउंटरवर आपटला आणि घराकडे निघाले. कमरेला एक, खिशात एक. वजन कमी करायला गेले होते!

*

फोनसाखळीवर त्या दिवशी काय काय गेलं, ते मला नंतर कळलं. इथे जसंच्या तसं देते, म्हणजे मी का चिडले ते समजेल.

लाइलकडून मार्व्हलला: तिच्या कमरेत आहे.

मार्व्हलकडून पुढे: कमरेपर्यंत पसरलंय.

पुढून पुढे: हाडांत गेलंय. आज लाइलकडे तोल जाऊन पडली. कपाळ फुटलंय.

त्यापुढे: पांढरा सॉस चालेल का तिला?

*

मी घरी पोचले तर अंगणात अनोळखी जीप. दारात ओरिन, त्याच्यासमोर कोणीतरी बाई, दोघांच्या मधे भांडं. मी गोठ्याच्या कोपऱ्याशी थांबले.

"हो, अवघड आहे," ओरिन म्हणत होता. आवाज असा की पाद्रीसुद्धा लाजेल. "नाही, भेटत नाही ती कोणाला. हो. हो, कालचं फार आवडलं. वरचा थर कुरकुरीत असला ना, की घास उतरतो तिच्या घशाखाली."

बाई डोळे पुसत गेली. मी पुढे झाले.

"ओरिन."

त्याने भांडं पाठीमागे लपवलं. गरम होतं. परत पुढे आणलं.

"तू त्यांना सांगितलंस मी मरतेय?"

"मी शब्दही बोललो नाही. त्या विचारतात, कशी आहे, मी म्हणतो, अवघड आहे. तू अवघड आहेसच."

"आणि तू खातोयस!"

"अडतीस वर्षं तुझ्या हातची घेवड्याची उसळ खातोय, ट्वायला. रविवारी घेवडा, सोमवारी घेवडा. मी कधी काही म्हटलं? एक आठवडा. फक्त एक आठवडा मिळू दे मला."

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तो दोन दिवस जेवत राहिला.

*

शुक्रवारी मी ठरवलं, आता फोनसाखळीचा गळाच धरायचा. मार्व्हलचा नंबर फिरवणार तोच मार्व्हल आली. सोबत लाइल. मागे सात-आठ बाया, सगळ्या रविवारच्या कपड्यांत. मी दारातच सुरू केलं, "आत या, बसा आणि ऐका. मला तुमच्याशी..."

"आधी हे," लाइल म्हणाला.

त्याने टेबलावर चामड्याचा एक साज ठेवला. दोन खांद्यांवरून येणारे रुंद पट्टे, छातीशी तिरकं म्यान. दोन रात्री बसून शिवला होता. कड्या चर्चच्या बायांनी घासून चकाकवल्या होत्या.

"कमरेवर भार नको," तो म्हणाला. "पण ते तुझ्याजवळ राहायला पाहिजे. शेवटपर्यंत. कपाटात नाही आणि फळ्यावर तर नाहीच."

मार्व्हलने माझ्या पाठीशी येऊन पट्टे बांधले. मी कमरेच्या पट्ट्यातून रिव्हॉल्व्हर काढून म्यानात सरकवलं. तीन पौंड दोन खांद्यांवर वाटले गेले. कमरेला काहीच नाही. मी एक पाऊल टाकलं, मग दुसरं. खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. कळ नाही. हात आपोआप मुठीवर गेला आणि तळवा खड्ड्यात बसला.

ओरडण्यासाठी भरून घेतलेला सगळा श्वास तसाच राहिला. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. सगळ्या बाया रडायला लागल्या.

आता गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं. पण दोन रात्री जागून शिवलेलं चामडं अंगावर घेऊन खोटं मरत राहणं मला जमेना.

"मला काहीही झालेलं नाही," मी म्हटलं. "कंबर दुखते. बस."

कोपऱ्यात ओरिनचा चमचा थांबला.

"मग 'गरज उरली नाही' असं का लिहिलंस?" मार्व्हलने विचारलं.

लाइल बघत होता. सगळ्या बघत होत्या. मी जमिनीकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांत मी जे कोणापुढे बोलले नव्हते, ते आठ बायांपुढे बोलले.

"कारण ते जड होतं. मला पेलवत नव्हतं."

मला वाटलं आता हळहळतील. आता दया येईल. मी मुठी आवळून तयार होते. पण मार्व्हलचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"अकरा भांडी," ती म्हणाली. "अकरा, ट्वायला. मी पहाटे चारला उठून प्रार्थना केली. माझ्या गुडघ्यांना काय वजन पेलवतं असं वाटतं तुला? तोंड उघडून 'जड आहे' म्हणायला काय झालं होतं?"

पहिल्यांदाच त्या आठवड्यात कोणीतरी माझ्याशी नीट बोललं होतं. मला इतकं बरं वाटलं!

"आणि भांडी रिकामी परत यायची नाहीत," ती दारातून म्हणाली. "रीत माहितीये तुला."

माहितीये. मला एकच पदार्थ येतो. शनिवारी मी अकरा भांडी घेवडा शिजवला आणि छातीला रिव्हॉल्व्हर लावून घरोघर पोचवला. कोणी दारात फार वेळ उभं राहिलं नाही.

मग फळ्यापाशी गेले, जुना कागद काढला आणि नवा लावला. एकाच बैठकीत लिहिलेला, एकही शब्द न खोडता:

विकणे आहे. रिव्हॉल्व्हर, अगदी हलकं. एकदा झाडलेलं, एकदा फेकलेलं. कारण: आमच्याकडे आधीच एक आहे. मालकीण ठणठणीत आहे. कृपया जेवण आणू नये.

सोमवारी दाणे आणायला गेले तेव्हा शेवटच्या दोन वाक्यांवर कोणीतरी पेन्सिलीने रेघ मारली होती. रेघ ओरिनची आहे. तो पट्टी न घेता मारतो.